शिसवाचं न वाळणारं टेबल

आमच्या डोंबिवलीच्या घरात एक टेबल होतं, त्याचं पॉलिश तेरा महिने वाळलं नाही. बायको म्हणते चार. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे चांगल्या गोष्टीची मजा घालवायची तिला सवयच आहे. आपण सात धरू.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात होतो आणि आपण थोर लेखक होणार याबद्दल मला काडीची शंका नव्हती. अडलेलं फक्त टेबलावर. विठ्ठलवाडीच्या एका मिस्त्रींनी ते करायला घेतलं. खडवलीला कुणाच्या तरी बांधावरचा जुना शिसव त्यांनी स्वतः तोडलेला, त्याची एकसंध फळी. काळपट, आत जांभळ्या रेषा, आणि वजन असं की जिन्यातून चढवताना चार हमालांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"वरून काय लावायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"सनमायका," बायको म्हणाली. "फडकं मारलं की झालं."

मिस्त्रींनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने पैठणीचं पायपुसणं शिवायला सांगितलंय. "वहिनी, शिसवाला कोण सनमायका लावतं? वार्निश मारू, नायतर चपड्याचं पॉलिश करू, नायतर नुसतं जवसाचं तेल पाजू. पण लाकूड दिसलं पायजे."

मी वार्निश म्हणालो. आमच्या साहेबाच्या टेबलात त्याच्या हनुवटीखालची दुसरी हनुवटी दिसायची, तसली चकाकी मला हवी होती.

पंधरा दिवस झाले, वार्निश ओलंच. त्यावर बसलेली माशी उठली नाही. मी पेपर ठेवला तर अग्रलेख उलटा छापला गेला, आणि तसा तो जास्त कळला. इथपर्यंत मी हसत होतो. मग एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर फळीवर एक लांब वळ उठलेला. दीड हात सरळ, टोकाला रुंद.

"तुमची छत्री," बायको म्हणाली.

छत्री माझ्या हातात होती. आणि दिवसभर घराला कुलूप.

मिस्त्री रविवारी आले. वळ बघितला आणि वार्निश तासायला बसले. डाव्या हाताने. उजवा मांडीवर पडलेला.

"हाताला काय झालं?"

"झाड पाडल्यापासून मरत चाललाय, साहेब. आधी करंगळी गेली, मग शेजारची दोन. निखारा ठेवला तरी कळत नाय. डॉक्टरला पण कळत नाय." मग खाली बघूनच म्हणाले, "हे वाळलं ना, तर हात परत येईल. मला आतून वाटतं. नाय वाळलं तर माझा रंधा सुटला. घरात दुसरं कोण कमावणारं नाय."

मी माणसाला धीर द्यायला म्हणून दोन थापा मारतो, तशा मारल्या.

आता चपडा. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि कापसाच्या बोळ्याने शंभर हात फिरवायचे. त्याआधी मिस्त्रींनी फळी नुसत्या स्पिरिटने पुसली. फडकं लालभडक झालं.

"अहो, हे काय?" बायको मागे सरकली.

"शिसवाचा रंग हाय, वहिनी. स्पिरिटला सुटतो," ते म्हणाले. खरंच सुटतो, मी नंतर चौकशी केली. पण रंगाचं फडकं कुणी घडी घालून, कपाळाला लावून पिशवीत ठेवत नाही.

चपडा पावसाळी हवेत पांढरा पडला, सगळी फळी भस्म फासल्यासारखी. फक्त तो वळ काळाभोर राहिला. चपडाही तासला. तेल पाजलं. तेल फळीने घेतलंच नाही, वर डबक्यासारखं थांबलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यात तोच वळ, तिथेच. या वेळी मिस्त्री फळीसमोर मटकन बसले.

"कुऱ्हाड हाय ती," ते म्हणाले. "झाड तोडण्याआधी आमच्यात विचारतात. नारळ-तांदूळ ठेवायचे, कुऱ्हाड बुंध्याला टेकवून उभी करायची आणि पाठ फिरवून जायचं. परत आल्यावर उभी असली तर झाडाचा होकार. पडली असली तर हात जोडून घरी जायचं."

"मग?"

"पडलेली. पहिला मी पोचलो. मीच उचलून उभी केली."

मग गणिताची बाई म्हणाली, "तर मग पुन्हा विचारा."

मी ऑफिसला एक काका मारला, तोच, तिसऱ्यांदा, आणि रजा घेतली. भर सकाळी मिस्त्रींनी तीच कुऱ्हाड टेबलाच्या पायाला टेकवली, नारळ-तांदूळ ठेवले. आम्ही तिघं स्वयंपाकघरात दार लावून बसलो. कुणाकडे तरी मिक्सर चालू होता. दुसऱ्याचं तान्हं सांभाळायला दिल्यासारखा मिस्त्रींनी आपला उजवा हात डाव्यात धरलेला. आवाज काहीच आला नाही. ना धप, ना खट.

"साहेब, तुम्ही बघा. माझ्याने नाय होत."

मी गेलो. कुऱ्हाड पायाशी नव्हती. जमिनीवरही नव्हती. ती टेबलावर होती, आपल्या वळात बरोब्बर बसलेली, पेटीत ठेवल्यासारखी. पडणारी वस्तू खाली पडते, एवढं विज्ञान मलाही येतं.

आयुष्यभर थापा मारल्या, पण त्या चहाबरोबर खायच्या. ही तसली नव्हती. मी कुऱ्हाड उचलली. दांडा आताच कुणीतरी सोडल्यासारखा गरम होता. ती पायाला टेकवली आणि ओरडलो, "मिस्त्री! उभी आहे!"

ते आले, बघितलं आणि पोरासारखे रडले. तसेच चपड्याला बसले. बोळा नकळत उजव्या हातात गेला, तो मी आणि बायकोने दोघांनी पाहिला. चहा निवायच्या आत फळी खणखणीत वाळली. त्यात माझा चेहरा दिसत होता, मी तो फार वेळ बघितला नाही.

मिस्त्री त्यानंतर खूप वर्षं रंधा मारत होते. त्यांना मी काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

"एवढा अट्टाहास करून टेबल केलंत," ती अजून विचारते, "आणि लिहिता मात्र ओट्यावर, उभ्याने."

"तिथे उजेड बरा नाही गं."

"खिडकीशी आहे की ते!"

मी लिहीत राहतो.