जमिनीखालचं दळण

मी समुपदेशन शिकवते. डहाणूतल्या माझ्या वर्गात आशाताई येतात, अंगणवाडीच्या सेविका येतात, आश्रमशाळेतले शिक्षक येतात. शिकून झालं की आपापल्या पाड्यावर खचलेल्या, झोप उडालेल्या माणसांजवळ जाऊन बसणं हे त्यांचं काम. सुरुवातीची वर्षं मी शहरातून आणलेली प्रश्नावली वापरायचे. त्यात एक प्रश्न होता : इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का? होय म्हणणाऱ्याला लगेच डॉक्टरकडे पाठवायचं, असं मी ठासून सांगायचे.

मग तलासरीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले. एक मोठा होऊन संपला, असं नाही, ते थांबेचनात. आधी जमिनीखालून गुरगुर यायची, मग मांडणीवरची भांडी वाजायची. लोक घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली राहायला गेले. पाड्यावरच्या बायांना तो प्रश्न विचारला की त्या माझ्याकडेच बघत राहायच्या. आवाज तर सगळ्यांनाच येत होते. कोणाकोणाला डॉक्टरकडे पाठवणार? तो प्रश्न मी विचारायचा बंद केला, पण त्याच्या जागी काय विचारावं हे मला सुचलेलं नव्हतं.

धक्के थांबले, माणसं घरात परतली. एक दिवस वर्ग सुटल्यावर माझी एक विद्यार्थिनी मागे राहिली. ती तिकडचीच, अंगणवाडी सेविका.

"बाई, आमच्या शेजारच्या पाड्यावर चला. एक जण अजून घरात जात नाही. तान्हं पोर घेऊन ताडपत्रीखाली बसते. पोराला खोकला झालाय. विचारलं तर म्हणते, खाली सासू दळते."

आम्ही दुपारी पोचलो. पाडा रिकामा वाटत होता. मोठी माणसं कामावर गेलेली. तिचा नवरा वापीला कारखान्यात होता, आठवड्याने यायचा. कुडाचं घर, दाराला बाहेरून कडी. अंगणात ताडपत्री आणि खाली ती, मांडीवर बाळ. एक तळवा तिने जमिनीवर टेकवून ठेवला होता, झोपलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा.

ती तिच्या बोलीत बोलत होती, माझी विद्यार्थिनी मला मराठीत सांगत होती. हळूहळू ती स्वतःच मराठीत बोलायला लागली.

"डोकरी, माझी सासू, आत नागली दळत होती. माझ्या बाळंतपणाला. तेव्हा जमीन हलली. आम्ही सगळे बाहेर पळालो. मग ती परत आत गेलीच नाही, इथेच तापाने गेली. दळण अर्धं राहिलं."

"आणि आता?"

"आता खाली दळते. ऐका."

असं काही नसतं, धक्क्यांच्या भीतीने भास होतात, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं आणि तिच्याशेजारी तळवा टेकवला. जमीन तापलेली होती. थोडा वेळ काहीच नव्हतं. अंगणातल्या कोंबड्यांनी उकरणं थांबवलं. मग खालून घरघर आली. धक्क्याची गुरगुर मी बऱ्याचदा ऐकली होती. ती येते आणि निघून जाते. ही फिरत होती. मध्येच थांबायची, जात्यात मूठ टाकायला हात थांबतो तेवढीच, आणि पुन्हा सुरू. घरातली भांडी वाजली नाहीत.

विद्यार्थिनीचा तळवाही जमिनीवर होता. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तुम्हाला भीती कशाची वाटते?" मी विचारलं. "तिची?"

"तिची कशाला? ती माझ्यासाठीच दळते. मी आत गेले आणि जात्याला हात लावला, तर ती थांबेल. मग ती कायमची गेली." एवढं बोलून ती पहिल्यांदा रडली.

परतताना रिक्षात मी विद्यार्थिनीला विचारलं, "तू ऐकलंस?"

"हो. तुम्ही?"

"हो."

मी दवाखान्याला फोन लावला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला आणि बाळाला तपासलं, औषधं दिली. त्याच आठवड्यात मी पाड्यावरच्या म्हाताऱ्या भगताला भेटले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे गेलेल्या माणसाला घरात बोलवून जेवू घालायचं असतं, मग ते घरातच राहतं. धक्क्यांच्या दिवसांत ते राहून गेलं होतं.

"घरात कोणी नव्हतं तर बोलावणार कुठे?" भगत म्हणाला. "डोकरी वाट बघते. आणि डॉक्टरचं औषध बंद करू नको म्हणावं."

तो विधी एका सकाळी झाला. नवरा रजा काढून आला होता. भगत दाराशी बसून गात होता. तिने बाळ माझ्या विद्यार्थिनीकडे दिलं, कडी काढली आणि आत गेली. जात्यात जुनी नागली तशीच होती. ती झाडून तिने नवी घातली. आतून घरघर सुरू झाली. अंगणात आम्ही अनवाणी उभे होतो, आणि पायांखालीही तीच घरघर होती, तिच्याच लयीत. दळण संपलं. आतलं जातं थांबलं. खालचं जरा वेळ एकटंच फिरत राहिलं, मग तेही थांबलं. भगताने गाणं तोडलं नाही, पण त्याचा आवाज खाली उतरला.

त्या पिठाची भाकर आधी सासूच्या नावाने ठेवली, मग सगळ्यांना तुकडा तुकडा दिला. मीही खाल्ला. त्या दिवसापासून ती घरात झोपते. बाळाचा खोकला गेला.

हे मी आता प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. कोणीतरी विचारतंच, "मॅडम, आवाज खरा होता का?" मी ऐकलं ते सांगते. ते काय होतं हे मला माहीत नाही, हेही सांगते. मग आम्ही नवीन प्रश्नावर येतो : तुम्हाला काय ऐकू येतं, आणि ते तुमचं कोण लागतं? वाढवणकडच्या एका शिक्षकाने तो ऐकून वही मिटली आणि बुडालेल्या भावाबद्दल तो वर्गात पहिल्यांदा बोलला.

गेल्या हिवाळ्यात डहाणूच्या बाजारात ती सून भेटली. सुकटीचा वाटा घेत होती. पोरगं आता चालतं. पदर धरून उभं होतं.

"बाय, बरी हाय ना?" तिनेच मला विचारलं. "मी सासूला तुमची खुशाली सांगते."

"मग ती काय म्हणते?"

"काय म्हणणार? ऐकते."

तिने सुकट पिशवीत टाकली, पोराला कडेवर घेतलं आणि तलासरीची गाडी पकडायला गेली.