दहा पावलं मागं

सन एकोणीसशे एकतीस, माझं वय तेव्हा पंचवीस. काल नातवानं दाराला रंग दिला आणि त्या रंगातल्या तेलाच्या वासानं तो उन्हाळा पुन्हा समोर आला.

करमाळ्याकडच्या माळावर आमची मेंढरं होती. मुंबईचा एक चित्रकार तिथं आला. त्यानं माझ्या बायकोला, गंगूला, बाभळीपाशी उभं करून तिचं चित्र काढलं. दुपारभर ती पदर धरून उन्हात उभी राहिली. मी चित्राला नाक लावून बघितलं. सावली जांभळी, पदर पिवळाजर्द, आणि तोंडाच्या जागी नुसता रंगाचा फराटा.

"हिचं नाक-डोळं कुटं हायत?"

"दहा पावलं मागं जाऊन बघा," तो म्हणाला. "आवडलं तर तुम्हीच ठेवा."

"माझ्या बायकूला बघाया मी मागं सरू व्हय?"

गंगू मात्र मागं जाऊन लई वेळ बघत राहिली. "मीच हाय की वो ही, कारभारी. घ्या की ठेवून."

मी नाही म्हणालो. तो चित्र घेऊन गेला.

दोन वर्षांनी गंगू तापानं गेली. तिचा फोटो नाही. आता तिचं तोंड आठवायला बसलो की तो फराटाच पुढं येतो.

चित्रकार गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाभळीपाशी मेंढरं वळवत होती. तिचं लक्ष नाही असं बघून मी दहा पावलं मोजून मागं गेलो. उगवतं ऊन तिच्या मागं होतं. नाक-डोळं काही दिसेना, तरी ती गंगूच होती. मग मी पुढं आलो आणि मेंढरं हाकली.