अंजनातले सासरे

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. जामनेरकडच्या आमच्या गावात या गोष्टीचा एकच उपयोग होता. कुणाची कंबर धरली की मला बोलावणं यायचं. माणूस पालथा पडे, मी त्याच्या कमरेवर पाय टेकवी, आणि तो बरं वाटलं म्हणत उठे. खरंच बरं वाटायचं, की एवढ्याशा पोरीची लाथ खाल्ल्याच्या लाजेने उठायचा, देव जाणे. लग्न मात्र मला याच पायांनी मिळवून दिलं. धुळ्याचे गणिताचे मास्तर मला पाहायला आले. त्यांनी स्वयंपाक येतो का विचारलं नाही, शिवण विचारलं नाही. "मुलगी नक्की पायाळू ना?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं. माझ्या वडिलांना वाटलं, जावयाची कंबर दुखत असावी.

धुळ्यातल्या देवपुरात आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणायची. ह्यांच्या पायाला भिंगरी होती. जेवताना मध्येच उठत, पाटीवर काही आकडे खरडत, पुन्हा ताटावर येत, तोवर भाकरीचं चामडं झालेलं असे. शाळेतून आले की चप्पल न काढता पांझरेच्या काठाकडे निघत. शेतकऱ्याचा मुलगा, पण पंचांगवाल्यांना ग्रहणाच्या वेळेतल्या चुका काढून दाखवी. आणि तोच माणूस शेजाऱ्याची म्हैस हरवली तर प्रश्नकुंडलीही मांडून बसे. दोन्ही त्यांच्या लेखी एकच विद्या होती.

सगळ्या तगमगीच्या मुळाशी माझे सासरे होते. ते नर्मदेच्या परिक्रमेला गेले. बरोबरची मंडळी परत आली, सासरे शूलपाणीच्या झाडीत मागे पडले ते पडलेच. तेव्हा माझा नवरा शाळकरी होता. गणित हाताशी आल्यावर त्याने वडिलांची पत्रिका मांडली आणि वडील जिवंत आहेत असं उत्तर काढलं. दर वर्षी नव्याने मांडायचं, दर वर्षी तेच उत्तर. त्या उत्तराच्या आधारावर अक्का कपाळभर कुंकू लावत होत्या.

मी एकदा विचारलं, "मामंजींची जन्मवेळ कुणी सांगितली?"

"आजीने. गुरं घरी येत होती तेव्हा जन्मले."

म्हणजे बघा. आकडेमोड दशांशाच्या पुढे नजर पोचेल तिथवर, आणि पाया काय, तर गुरं घरी येत होती. त्या दिवशी गुराख्याला डुलकी लागली असेल तर? हे मी बोलून दाखवलं आणि घरात अबोला सुरू झाला.

त्यांच्याकडे पुण्याहून आणलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, विलायतेतल्या एका पंडिताविषयीचं. कित्येक पिढ्यांमागचा माणूस, राणीच्या पदरी होता. खलाशांना दिशा काढायचं गणित शिकवायचा, राणीच्या राज्याभिषेकाचा मुहूर्तही त्यानेच काढला. पुढे त्याला गणित अपुरं वाटू लागलं आणि तो काळ्या गुळगुळीत दगडात देवदूत शोधायला बसला. पण स्वतः त्याला काही दिसेना. मग पाहणारा एक माणूस ठेवला. तो दगडात बघून सांगायचा, हा लिहून घ्यायचा.

"त्याला पगारी माणूस ठेवावा लागला," हे म्हणाले. "मला तू आहेस."

"मग माझाही पगार सुरू करा."

ते हसले नाहीत. तेव्हा माझ्या लग्नाचं कोडं मला सुटलं. पायाळू माणसाला अंजनात हरवलेलं दिसतं, अशी आमच्याकडची समजूत. फार वाईट वाटलं मला. सवतीचा मत्सर बायका करतात, मी स्वतःच्या पायांचा केला.

"आणि त्या पगारी माणसाला खरंच दिसायचं?" मी विचारलं.

"त्याने पंडिताला गंडवलं म्हणतात."

"एवढ्या हुशार माणसाला कळलं नाही?"

"कळून घ्यायचं नसेल," एवढं बोलून हे बाहेर निघून गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जळगावहून नाना आले, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. त्यांनी पाणीही न पिता विषय काढला. माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. बारा वर्षं उलटून गेली होती. भाऊबंद बोलायला लागले होते. पुतळा जळाला की अक्कांचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. नाना हे सगळं अक्कांच्या देखत बोलले. त्या चुलीपाशी शेंगा सोलत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

ह्यांनी ठरवून टाकलं. "अंजन बघू. वडील दिसले तर मी नोकरी सोडतो आणि झाडीत जाऊन त्यांना घेऊन येतो. नाही दिसले, तर नाना म्हणतात तसं करू."

इतका राग मला कुणाचा आला नव्हता. दिसले म्हणावं, तर नवरा त्याच झाडीत जाणार आणि तो तरी परत येईल कशावरून? नाही म्हणावं, तर माझ्या तोंडाने अक्कांच्या बांगड्या फुटणार. दोन माणसांचं आयुष्य माझ्या जिभेवर ठेवून हे पंचांग चाळत होते. वर मला बजावलं, "दिसेल तेच सांगायचं. पदरचं काही नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलं, तुपात खललं आणि काशाच्या वाटीच्या तळाला लावलं. मी पाटावर बसले. अंजनात आधी झाडूवाला येतो, मग पाणी शिंपडणारा, मग हवा तो माणूस, हे मला पढवून ठेवलं होतं.

मी पाहिलं. काळं. मग त्या काळ्यात खिडकी दिसली, आणि मग माझं नाक.

"झाडूवाला आला?"

"नाही."

"पाणी शिंपडणारा?"

"झाडूवालाच नाही तर तो कुठला येतोय."

"नीट बघ गं," हे म्हणाले. आवाज फाटला होता. नानांसमोर त्यांनी मला कधी गं म्हटलं नव्हतं. माझा सगळा राग गळून गेला. समोर मास्तर नव्हते, वडिलांची वाट पाहणारं पोर होतं. खोटं बोलायचं की नाही ते मला ठरवता येईना आणि खरं पुन्हा बोलवेना.

"आन आथा," अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, म्हणजे इकडे आण. शेंगांची पाटी बाजूला सारून त्या उठून आल्या होत्या.

"माय, तुले काय दिसी?" ह्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातून वाटी घेतली आणि मांडी घालून बसल्या.

"झाडूवाला उना," अक्का म्हणाल्या.

नानांनी हात जोडले.

"पानी शिपडी ऱ्हायना." मग जरा थांबून, "तो शे. पानीमा शे. डोया मिटेल शेतस. गया तो, पोऱ्या. कव्हयना गया."

तो कधीचाच गेला, असं अक्का सांगत होत्या. मी समोरच बसले होते. वाटी त्यांच्या हातात कलंडली होती, काजळ बोटांना लागलं होतं, आणि अक्का वाटीत बघतच नव्हत्या. सगळा वेळ त्या ह्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

हेही त्यांच्याकडेच बघत होते. "माय," हे अगदी हळू म्हणाले, "तू पायाळू नही."

"नही. पन बायको शे मी त्यानी."

आणि नानांनी काही म्हणायच्या आत अक्कांनी कपाळावर हात फिरवला. बोटांना काजळ होतं. कुंकू गेलं आणि तिथे काळं फासलं गेलं. मी पदर भिजवून त्यांचं कपाळ पुसायला बसले. त्यांनी मला जवळ ओढलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "आते याले कोठेच जाऊ देऊ नको, बाई."