विलायती स्प्रिंग

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाकीच्या फजित्या सांगितल्या. मेव्हण्याच्या लग्नाला म्हणून गेलो आणि भलत्याच मांडवात पोटभर जेवून, आहेर करून आलो, ती तर दरवर्षी मीठमसाला वाढवून सांगतो. माणसं हसतात, मला चहा मिळतो. ही एकच गिळून बसलोय. हसण्यासारखं काही नाही म्हणून? तसंही नाही. अर्धी तर हसण्यासारखीच आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कसबा बावड्याच्या शिवारात आमचा ऊस, आणि त्या उसावर रानडुकरांचं आमच्याइतकंच प्रेम. राखणीसाठी परवाना निघाला आणि मी मुंबईहून पंपाची बंदूक आणली — नवीकोरी, विलायती. नळीखालची लाकडी मूठ मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढं ढकलली की नवं आत. खटाक-खटाक. गल्ली बघायला लोटली. मी असा उभा, की जणू बंदूक मीच घडवलीय.

दस्तगीर माझा शाळेपासूनचा दोस्त. शहरात त्याचं कुलपांचं दुकान होतं — अडलेली कुलपं, हरवलेल्या किल्ल्या. बंदुकीतलं कारखान्याचं चिकट ग्रीस काढायला मीच त्याला ती उघडायला लावली. त्यानं पुसली, जोडली, हातात दिली. म्हणाला, "आता ह्यात बोट घालू नगंस."

बोट नाही घातलं. वाटी ओतली. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायला मांडली — कोयते, कुऱ्हाड, आजोबांची तलवार — त्यात बंदूकही. हळदकुंकू वाहिलं. आणि जावयाला अभ्यंग घालावं तसं वाटीभर खोबरेल तिच्या पोटात सोडलं. चांगलं होतं ना घरचं तेल.

थंडी पडली आणि ती रुसली. दिवस उगवताना शेतावर मूठ जागची हलायची नाही. दुपारी दस्तगीरच्या दुकानात नेली की लोण्यासारखी सरकायची. "बंदूक बरी हाय की," तो म्हणायचा, "सकाळी तूच गारठत असशील." मी काडतुसं बदलली. मूठ ठोकून पाहिली. दृष्ट लागली म्हणून वरून एक नारळही फोडला.

मग एका सकाळी डुक्कर उसातून थेट बांधावर आलं. मागं सगळी भावकी उभी. मी नेम धरला, मूठ ओढली — दगड. डुकरानं माझ्याकडं पाहिलं आणि ते निवांत निघून गेलं. मागून चुलतभाऊ म्हणाला, "तात्या, काठी आणू काय?" सगळे हसले. एरवी मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो असतो. त्या दिवशी का नाही हसलो?

मी म्हणालो, "दस्तगीरनं उघडल्यापासनं बिघडलीया. विलायती स्प्रिंग काढून घेतली असंल, दुसरी घातली असंल."

असंल. एवढाच आडोसा ठेवला होता. गावातून शहरात जाईपर्यंत तोही राहिला नाही.

दस्तगीर आला. आत आला नाही, सायकल धरून दारातच उभा राहिला. "तू बोललास व्हय?"

"मी न्हाय रं," मी म्हणालो. "लोकं बोलत्यात."

"बरं," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, अंघोळीच्या वेळी, बायकोनं थिजलेल्या खोबरेलाची बाटली बंबाशेजारी ठेवली. मी ती वितळताना बघत बसलो — आणि उठलो. बंदूक रिकामी करून उन्हात ठेवली. मूठ सरकायला लागली. उघडली, तर आत लालसर तेल, कुंकवाचा गाळ. रॉकेलनं सगळं धुतलं. पुन्हा कधी अडली नाही.

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? भावकीनं विचारलं, दुरुस्त कशी झाली. मी म्हणालो — अगदी सहज म्हणालो — "मुंबईहून नवी स्प्रिंग मागवली."

म्हणजे जुनी चोरीला गेलीच होती, हे मीच पक्कं केलं. आणि चोर ठरलेल्या माणसाकडं किल्ली करायला कोण देतं? आधी वाण्यानं सोडलं, मग शेजाऱ्यांनी. पुढं दुकानाची फळी उघडायची बंद झाली. तो जयसिंगपूरला गेला असं कळलं. तिथं कुलपांचं काम करत नव्हता म्हणे. जयसिंगपूर काय लांब आहे? एसटी जाते. मी स्टँडवर जायचो, चहा घ्यायचो, गाडी सुटली की घरी यायचो. मग तो वारल्याचं कळलं. तेव्हाही गेलो नाही.

आता बायको नाही. बंब मीच पेटवतो. थंडीत बाटली शेजारी ठेवतो, तेल पातळ होईपर्यंत बसतो. डोक्याला लावण्याइतके केस उरलेले नाहीत, तरी ठेवतो.

स्प्रिंग तीच होती. कारखान्यातून आलेली. दस्तगीरनं ती पुसली होती आणि जागच्या जागी बसवली होती.