पिन पैलवान

भल्याभल्यांना आस्मान दाखवलेले ते हात तबकडी उचलताना मात्र फक्त तिच्या कडांना शिवत. दोन तळव्यांच्या मध्ये धरलेली ती काळी रेकॉर्ड उजेडाकडं तिरकी करून पैलवान धूळ शोधायचे. सापडेपर्यंत त्यांना चैन नसे, आणि नाहीच सापडली तर ते जास्तच अस्वस्थ व्हायचे. मंगळवार पेठेत सगळे त्यांना 'पिन पैलवान' म्हणत. अर्थात त्यांच्या पाठीमागं.

संस्थान विलीन झालं त्या सुमारास मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो आणि एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, ऐकायला येणाऱ्यानं आधी रिठ्याच्या पाण्यानं हात धुवायचे, मग दोन हात लांब बसायचं, असा त्यांचा दंडक होता. तबकडीवर कुणी फुंकर मारली की संपलंच. "थुकी उडतीया. तोंड हाय का पिकदाणी?" हे ते सख्ख्या सासऱ्यालाही ऐकवून मोकळे झाले होते. तबकडीच्या दर बाजूला नवी पिन लागायची. वापरलेली पिन पुन्हा लावणं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याला उष्टं वाढणं होतं.

गाणं सुरू झालं की त्यांचे हाल बघवत नसत. बसायचे, उठायचे, पिनेशी कान न्यायचे, चावी चाचपायचे, पुसायचा मखमलीचा तुकडा या हातातून त्या हातात घ्यायचे. तीन मिनिटांचं गाणं, पण माणूस तेवढाही वेळ टेकत नसे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या मावशी, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या खाटेवरून त्यांची ही धावपळ बघत असायच्या. नाटकातलं एक पद मावशींच्या फार आवडीचं होतं. ते रोज संध्याकाळी लागायचं, आणि दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसायचं ते तेवढ्याच वेळात.

एकदा पैलवान भाच्याच्या लग्नाला गडमुडशिंगीला गेले आणि, कशी कोण जाणे, फोनोची जबाबदारी माझ्यावर टाकून गेले. मला चेव चढला. दवाखान्यात आम्ही सुई, चिमटा, कातडी, सगळं स्पिरिटनं पुसायचो. मी कापसाचा बोळा भिजवला आणि मावशींची तबकडी घासायला घेतली. बोळा काळा झाला. पैलवानांच्या नजरेतून एवढा मळ सुटला, या विचारानं मला काय आनंद झाला म्हणून सांगू. नवा बोळा घेतला, आणखी जोरानं घासलं. चौथ्या बोळ्याला तबकडी बोटांना चिकटायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेकॉर्ड लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे शहाणपण मला त्या घटकेला आलं. मळ म्हणून मी पुसत होतो ते मावशींचं गाणंच होतं.

पैलवान परत येईपर्यंत मी माडीवर येरझारा घातल्या. मार खायची तयारी होती. त्यांनी मारलं नाही, हेच वाईट झालं. तबकडी उजेडाकडं धरून त्यांनी बराच वेळ पाहिली. "साफ केलीस की रं," एवढंच म्हणाले, आणि पायताण घालून बाहेर पडले. दुसरी मिळवायला आठ दिवस त्यांनी वणवण केली. गावातली दुकानं झाली, कोडोलीचा एक शौकीन झाला, मोटारीनं कुरुंदवाडलाही जाऊन आले. कुठंच मिळेना. इकडं संध्याकाळ झाली की मावशी बंद फोनोकडं बघत पडायच्या. मला जिना उतरायची लाज वाटायची.

नवव्या दिवशी खालून एक भसाडा आवाज आला. मी जिन्यातून डोकावलो. पैलवान मावशींच्या खाटेवर बसून ते पद म्हणत होते. सुरांशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण शब्द एकही चुकत नव्हता. मध्येच ते सवयीनं उठायला लागले, तर मावशींनी आपला धड हात त्यांच्या मनगटावर ठेवला. "बसा की," त्या जड जिभेनं म्हणाल्या. ते बसले. त्यानंतर रोजच बसू लागले.

महिन्याभरानं एका दुकानदाराचा निरोप आला की ती तबकडी सांगलीला मिळतेय. मी धावतच खाली गेलो. म्हटलं, सुटलो एकदाचा पापातून. पैलवान मावशींच्या उशाशी बसले होते. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"ऱ्हाऊ दे, कंपाउंडर," ते म्हणाले. "ती आली की मला पुन्हा उठावं लागंल."