स्टुलावर बसून दहावीचं गणित

लहानपणी मी अंगठा वाकवून सहज मनगटाला टेकवायचे. सुट्टीत कुरुंदवाडला जमलेली भावंडं ‘परत कर की!’ म्हणून ओरडायची. यात काही दुखणं असेल, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

तिशीत मात्र शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझा खांदा निखळला. प्रार्थनेला उभी राहिले की छाती धडधडायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा मुलांदेखत कोसळले. उन्हातून आले की अंगभर लाल, खाजऱ्या गांधी उठायच्या. हाडांच्या डॉक्टरांनी खांदा बसवला, हृदयाच्या डॉक्टरांना हृदय ठणठणीत दिसलं, त्वचेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. एकानं तर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं. माझं समाधान होईना. मी फिरत राहिले.

शेवटी एका डॉक्टर बाईंनी मला झोपवून नाडी मोजली, उभं करून पुन्हा मोजली आणि अंगठा वाकवायला सांगितला. म्हणाल्या, “सांध्यांना धरून ठेवणाऱ्या तुमच्या ऊती जन्मतःच सैल आहेत. उभं राहिलं की रक्त पायात उतरतं. आणि प्रतिकारशक्ती नको तिथं चवताळते. ही तिन्ही दुखणी काहींच्यात एकत्र दिसतात. का, ते अजून नीट कळलेलं नाही. पूर्ण बरं होणार नाही, पण सांभाळता येईल.”

त्यांनी लिहून दिलेली तिन्ही दुखण्यांची नावं वाचत मी रिक्षात बसून रडले. निदान नाव तरी मिळालं होतं.

मग त्यांच्या सल्ल्यानं भरपूर पाणी, जादा मीठ, पायात घट्ट मोजे, रोजचा व्यायाम सुरू झाला. वर्गात उंच स्टूल मी मागून घेतलं. पालकसभेत एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, “बाई, पोरांचं दहावीचं वरीस हाय. बसून गणित शिकवणं जमतंय व्हय?”

मुख्याध्यापक मध्ये पडणार होते. मी त्यांना थांबवलं.

“उभी राहिले तर पडते, पावणं. बसले तर शिकवते. उद्या तासाला या, मग बोला.”

ते खरंच आले. मागच्या बाकावर अवघडून बसले आणि वर्तुळाच्या स्पर्शिकेचा अख्खा तास ऐकला. जाताना दारात थांबून म्हणाले, “आमाला कुणी असं समजावून सांगितलंच न्हाय की!”

त्या दुपारीही मला अंधारी आली. शिक्षकांच्या खोलीत पाय वर करून पडून राहावं लागलं. पण चेहऱ्यावरचं हसू जाईना. यंदाही दहावीचं गणित माझ्याकडंच आहे. कुणी दयेनं दिलेलं नाही, मी हक्कानं मागितलंय.