आमच्या अल्बमचा नारळ

आमच्या घरात रॉक बँड आहे. काही घरांत मधुमेह असतो, तसा.

बँड म्हणजे आमचा अविनाश. बियाण्याच्या कंपनीत साहेब आहे, दोन लेकरांचा बाप आहे, अन् सुट्टीच्या दिवशी गिटार गळ्यात घालून असा ओरडतो, की बोट दारात सापडलं का काय! सोबतीला ड्रम बडवायला त्याचा दोस्त प्रदीप. तो एमआयडीसीत सळईच्या मिलमधी असतो, म्हणजे कान अगोदरच गेलेले (बँडमधी सगळ्यात सुखी माणूस तोच).

एक दिवस आमच्या सुनेनं, रूपालीनं, निक्षून सांगितलं, "एक अल्बम काढा. लोकांनी ऐकला तर ठीक, न्हाई तर गिटार विकायची. मला त्या कोपऱ्यात कपाट पाहिजे."

अविनाश कबूल झाला, पण ताटातली भाकर तशीच ठेवून उठला. आई आहे ना मी! मी ठरवलं, ह्या अल्बमला आपला हातभार लागलाच पाहिजे. लागला. भरपूर लागला!

स्टुडिओ स्टेशनाजवळ, एका दुकानाच्या माडीवर. भिंतींना सगळीकडून गाद्या ठोकलेल्या. मी हळदकुंकू, उदबत्ती अन् नारळ घेऊन हजर!

"आई, हे कशाला इथं?" अविनाश.

"नवीन काम चालू करून राह्यले अन् नारळ न्हाई? प्रदीप, तुमच्या मिलमधी फोडतात का न्हाई?"

"फोडतात ना काकू! बिगर नारळाचं नवं मशीन चालूच करत न्हाईत."

झालं! आवाज धरायचं ते मोठं मशीन होतं, त्याच्यावर मी स्वस्तिक काढलं. आता नारळ फोडायचा कुठं? भिंतीला गादी, खाली सतरंजी, जिकडं पाहावं तिकडं मऊ! सगळ्या स्टुडिओत कडक अशी एकच जागा दिसली, त्या मशीनचा लोखंडी कोपरा. हाणला!

नारळ निघाला पाण्याचा (चांगला कानाशी हलवून, पारखून आणल्ता). सगळं पाणी बटणांत!

"काकूऽऽ! मशीन आहे ते!" स्टुडिओवाला किंचाळला.

"मशीन आहे म्हणूनच फोडला!"

खालच्या सलूनमधून केस वाळवायचं यंत्र आणून मशीन वाळवलं. चालू झालं बिचारं, पण प्रत्येक गाण्याच्या मागं 'घर्रर्र'! दुरुस्तीला थांबावं, तर प्रदीपची सुट्टी संपून राह्यली. मंग काय, घर्रर्रसकट सगळा अल्बम झाला. मी सगळ्यांना खोबरं वाटलं.

अल्बम मोबाइलवर आला. म्हणजे कुणीबी, कुठंबी, फुकट ऐकू शकतं. अन् तरी कुणी ऐकंना!

भोकरदनहून माझ्या बहिणीचा फोन आला, "ताई, अव्याचा गळा बसला का गं? ज्येष्ठमध दे जल्दी." शेजारचे वानखेडे भाऊजी तर ते घर्रर्र ऐकून मोबाइलच दुरुस्तीला टाकून आले! इकडं रूपालीनं कोपऱ्याची मापं घेतली. अविनाश फडक्यानं गिटार पुसत बसला. विकायच्या वस्तूचा फोटो चांगला यायला पाहिजे ना! मला त्याच्याकडं पाहवंना.

तेवढ्यात पुण्याच्या कुण्या जाणकाराचा लेख आला. अविनाशनं मोठ्यानं वाचला, "'पोलादनगरीची घुसमट! पार्श्वभूमीला अखंड येणारी यंत्राची घरघर हे कामगाराच्या थकलेल्या श्वासाचं धाडसी चिंतन आहे.'"

"कोणती घरघर?" प्रदीपनं विचारलं (कान!).

बाकी सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी पदर नीट केला. गाण्याबद्दल लेखात शेवटी दोनच शब्द होते, 'गायन ठीक.'

लेख फिरला, ऐकणारे वाढले, पुण्याहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं. "मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," वानखेडे भाऊजी गल्लीभर सांगून राह्यले. रूपालीनं कपाटाचा नाद सोडला. गिटार वाचली!

अविनाश माझ्यापाशी येऊन बसला, डोळे भरलेले. "आई, खरं सांग. तुला कोणतं गाणं आवडलं?"

मी सगळा अल्बम इमानदारीनं ऐकला होता. म्हणलं, "ते मधीमधी लागतं ना, बाईच्या आवाजातलं? छोटं आहे, पण शब्द न् शब्द कळतो. घर्रर्रबी न्हाई त्यात."

रूपालीनं तोंडाला ओढणी लावली.

"आई," अविनाश म्हणाला, "आमच्या बँडमधी बाई न्हाई. ती पाण्याच्या टाकीची जाहिरात आहे."

असेल बापा. पण आता काय उपयोग? मी टाकी मागवून बसल्ते!